फेरीबोटीत मोटरसायकल डबल स्टँडवर लावावी का?

प्रश्न: स्कॉटलंडमध्ये ओबानहून बोटीने बारा बेटावर उतरून मोटरसायकलने उत्तरेला लुईसच्या टोकापर्यंत जायचं आहे. पाच दिवस पुरतील का? आणि बोटीत गाडी डबल स्टँडवर लावायची ना?

पाच दिवस पुरतात. हाच पट्टा सायकलवाल्यांच्या हेब्रीडियन वे या मार्गाचा आहे: सुमारे ३०० किलोमीटर, दहा बेटं, बेटं जोडणारे सहा दगडी बांध, मध्ये दोन ठिकाणी फेरीबोट. दक्षिणेकडून उत्तरेकडेच जा, कारण वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो, तो पाठीवर येतो.

आता डबल स्टँड. तुमच्या प्रश्नातला तो 'ना' वाचूनच लिहायला बसलो. दोन पाय म्हणजे गाडी जास्त भक्कम, हा युक्तिवाद घरातल्या फरशीवर ठीक आहे. बोट आडवी झुलते. डबल स्टँडवर गाडीचं एक चाक अधांतरी, वजन वर उचललेलं, आणि दोन पायांमधलं अंतर जेमतेम हातभर. त्यात बोट पुढे आदळली की स्टँड मिटायची दिशाही तीच. साइड स्टँडवर दोन्ही चाकं डेकवर, तिसरा टेकू बाजूला लांब, आणि पट्ट्याने शॉकअप दाबता येतात. हा दाबच गाडी धरून ठेवतो.

गाडी बोटीच्या लांबीला समांतर लावा. पहिला गिअर, हँडल पूर्ण डावीकडे. गिअर फक्त मागचं चाक धरतो, म्हणून पुढचा ब्रेक दाबून लिव्हर आणि मूठ वेल्क्रोच्या पट्टीने आवळा. स्टँडच्या पायामागे पाचर मिळाली तर उत्तम.

मग पट्टे. पॉलिस्टरचे घ्या, नायलॉन ओला झाला की लांबतो आणि तासाभरात ढिला पडतो. सीटवरून पट्टा न्यायचा असेल तर खाली हातमोजा किंवा फडकं घाला. पुढे बांधायचं असेल तर हँडलला नको, फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला मऊ फासा टाका. ब्रेकची नळी, फेअरिंग (गाडीचं प्लास्टिकचं आवरण), पेट्यांचा सांगाडा यांना हुक लावणाऱ्यांनी स्पेअर पार्टचे पैसे बाजूला ठेवावेत. आधी स्टँडच्या बाजूचा पट्टा ओढा, म्हणजे गाडी स्टँडवर नीट बसते. मग दुसऱ्या बाजूचा हळूहळू आवळा आणि नजर स्टँडच्या पायाकडे ठेवा. तो डेकवरून केसभर जरी उचलला गेला तरी जास्त झालं, रॅचेट (पट्टा आवळायचा दातेरी खटका) एक दात मागे घ्या. पुढचे शॉकअप त्यांच्या चालीच्या एक तृतीयांश खाली गेले की बास. पार तळाला दाबले तर ऑइल सीलवर ताण येतो. अजिबात दाबले नाहीत तर पहिल्याच मोठ्या लाटेला शॉकअप आत जातो, पट्टा सैल होतो आणि हुक निसटतो. गाड्या पडतात त्या बहुतेक अशा, स्टँड मोडून नव्हे. रॅचेटच्या दांड्यावर पट्ट्याचे किमान दीड-दोन वेढे हवेत, नाहीतर तो सरकतो.

अलार्म बंद करा. झुलणाऱ्या बोटीत तो सतत वाजतो, लोक शिव्या देतात आणि बॅटरी उतरते. मोठ्या बोटींवर प्रवासात गाड्यांच्या डेकवर जाऊ देत नाहीत, म्हणून जाकीट, औषधं, चार्जर आधीच काढून घ्या.

चढताना लोखंडी रॅम्प ओला, त्यावर डिझेलचा तवंग. पुढचा ब्रेक विसरा, गाडी सरळ ठेवा, क्लचवर हळू जा. डेकवरच्या बांधणीच्या कड्या चाकाखाली आल्या की हँडल झटका देतं. उधाणाच्या ओहोटीला रॅम्प बराच तिरका होतो, ज्यांच्या गाडीचं पोट खाली घासतं त्यांनी ते लक्षात घ्यावं.

बारा ते एरिस्के फेरी ४० मिनिटांची, बर्नरे ते लेव्हरबर्ग तासाभराची. दुसरी खडकांमधून बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना) वळसे घालत जाते, तेव्हा गाडी बांधण्यात आळस नको. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून पाचाला एक दिवस जोडा. रविवारी हॅरिस-लुईसवर बहुतेक पंप बंद, शनिवारीच टाकी भरा. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने मीठ धुऊन चेनला तेल.

खलाशाने डबल स्टँडच सांगितला तर मात्र वाद घालू नका, डेक त्याचा आहे. साइड स्टँड नसलेल्या स्कूटरला तर पर्यायच नाही. तिथे मागचं चाक टेकलेलं ठेवून पट्टे दोन्हीकडे सारखे.

उतरताना बोट धक्क्याला पूर्ण लागेपर्यंत पट्टे सोडू नका. आधी गाडीवर बसा, मग पट्टे, ब्रेकची वेल्क्रो सर्वात शेवटी. ती काढायला विसरून क्लच सोडला, तर गाडी जागीच बंद पडते आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागतो.