पुण्यातल्या आमच्या प्रभागाचे आजवरचे नगरसेवक कोण, याची सलग यादी कशी करायची?

प्रभाग क्रमांक धरून शोधत बसलात तर फसाल. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोघांचा आणि २०१७ ला बहुतेक ठिकाणी चौघांचा. दर वेळी हद्दी नव्याने आखल्या, त्यामुळे आकडा तोच राहिला तरी वस्ती भलतीच असू शकते. (सोय कोणाची होते, हे सांगायला नकोच.)

म्हणून आपली पेठ किंवा सोसायटी धरा. प्रत्येक निवडणुकीच्या अंतिम प्रभागरचनेत उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी हद्द रस्ता-नाल्यांसकट लिहिलेली असते. त्यात आपला रस्ता सापडला की त्या वर्षीचा प्रभाग कळला, मग निकाल पाहायचा.

२०१७ चे निकाल बघताना अ, ब, क, ड या जागा वेगळ्या मांडा. मतदाराने प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत दिलं होतं आणि आरक्षणही जागेनुसार होतं. सोडतीत जागा महिलांसाठी गेली की बरेचदा आधीच्या नगरसेवकाच्या घरातलंच नाव पुढे येतं, तेव्हा आडनावांवरही नजर ठेवा.

१५ मार्च २०२२ पासून नगरसेवकांऐवजी महापालिकेचा कारभार पाहणारा प्रशासक होता, तिथे यादीत खंड पडणारच.