'रेक्युझंट'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे. शेक्सपियरवरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यात एक वाक्य आहे की १५९२ साली त्याच्या वडिलांचे नाव 'रेक्युझंट' लोकांच्या यादीत आले. अनुवादकाने 'धर्मद्रोही' लिहिले. संपादकाने ते खोडून 'बंडखोर कॅथलिक' केले. बरोबर काय? (सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सरकारी प्रोटेस्टंट चर्चची हजेरी नाकारणारे, बहुतेक कॅथलिक, ते 'रेक्युझंट'.)

माझ्या मते दोन्ही नकोत. आणि गंमत अशी की हे वाक्यच दोन्ही शब्दांविरुद्ध साक्ष देते. शेक्सपियरच्या गावच्या, म्हणजे स्ट्रॅटफर्डच्या, त्या यादीत जॉन शेक्सपियरसह नऊ जणांबद्दल शेरा आहे की कर्जाच्या तगाद्याला भिऊन हे लोक चर्चला येत नाहीत. म्हणजे रविवारी सगळे गाव जमते तिथे आपल्याला धरतील, म्हणून घरी बसलेली माणसे. हा शेरा खरा, की कॅथलिक शेजाऱ्याला सांभाळून घ्यायला लिहिलेली सबब, यावर अभ्यासकांची अजून जुंपते. पण कारण कुठलेही धरा, यादी होती ती गैरहजरांची.

शब्दाचे मूळ लॅटिन 'रेकुसारे', म्हणजे नाकारणे, हरकत घेणे. न्यायमूर्ती एखाद्या सुनावणीतून अंग काढून घेतात तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रे 'रेक्यूज' हे जे क्रियापद वापरतात, ते याच घरातले. नाकारायचे काय, हे मात्र कायद्याने ठरवले. पहिल्या एलिझाबेथच्या १५५९च्या कायद्याने प्रत्येकाने रविवारी आणि सणावारी सरकारमान्य चर्चमध्ये हजर राहायचे, ठरवून दिलेल्या पुस्तकातली इंग्रजी प्रार्थना ऐकायची. नाही गेलात तर दर खेपेला १२ पेन्स दंड, आणि ती रक्कम गावच्या गरिबांना. १५८१ साली हाच दंड महिन्याला २० पौंड झाला. महिना धरायचा २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाचे तेरा हप्ते, २६० पौंड! जमीनदारालाही घाम फुटावा असा आकडा. १५९३च्या कायद्याने अशा कॅथलिकांना घरापासून पाच मैलांपलीकडे परवानगीशिवाय जायलाही बंदी केली.

हा दंड लावताना मनात काय आहे याची चौकशी नव्हती. बाकावर बसलात की नाही, एवढेच पाहायचे. म्हणून पुष्कळ कॅथलिक रविवारी चर्चमध्ये तोंड दाखवून यायचे आणि घरी दार लावून लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, ऐकायचे. यांना चिडवायला इंग्रजीत 'चर्च-पेपिस्ट', म्हणजे चर्चला जाणारे पोपवाले, असा शब्द होता. याला मराठी मात्र झकास सापडते: 'हजेरीपुरते'. कित्येक घरांत तर नवरा हजेरीपुरता आणि बायको पक्की नकार देणारी, अशी वाटणी असे. लग्न झालेल्या बाईच्या नावावर काही नसायचे, मग दंड वसूल करायचा कशातून? यॉर्कच्या एका खाटकाची बायको मार्गारेट क्लिदरो ही अशीच. ती चर्चला जाईना, नवरा तिचा दंड भरी. पुढे कॅथलिक पाद्र्यांना घरात लपवल्याच्या आरोपावरून तिला पकडले. आरोप कबूल की नाकबूल, हेही सांगायला तिने नकार दिला. त्याची शिक्षा म्हणून १५८६ साली तिला अंगावर दार ठेवून, त्यावर वजने रचून मारले.

आता मराठी शब्द एकेक करून पाहू. 'धर्मद्रोही' बाद, कारण तो श्रद्धेवरचा आरोप आहे. 'बंडखोर' बाद, कारण बहुतेकांनी राणीविरुद्ध काठीही उचलली नाही. उलट 'राज्य तुमचे, प्रार्थना आमची' असेच त्यांचे म्हणणे होते. (१६०५चा संसद उडवण्याचा दारूगोळ्याचा कट झाला खरा, पण तो मूठभर कॅथलिकांचा. झळ मात्र सगळ्यांना बसली.) 'नाकबूल' या शब्दाला कचेरीचा छान वास आहे, पण मराठीत आपण कर्ज किंवा गुन्हा नाकबूल करतो, म्हणजे 'मी नव्हेच' म्हणतो. हे लोक तर 'होय, नाही गेलो' असे सांगत होते. 'बहिष्कारी' मला आधी पटला होता. मग लक्षात आले की आपल्याकडे 'बहिष्कृत'ची सावली त्यावर लगेच पडते. वाचक समजेल की यांनाच वाळीत टाकले. 'चर्चला न जाणारे कॅथलिक' हे अक्षरशः बरोबर, आणि तरीही उलटे. आज वसईत किंवा वांद्र्याला असे म्हटले तर धर्माकडे काणाडोळा करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तेव्हा न जाणारा हाच कट्टर होता. 'नकारघंटा'वाले म्हणायचाही मोह होतो, चर्चच्या घंटेमुळे. पण तो विनोद लेखात खपणार नाही.

माझे मत 'नकारी'ला. नाकारण्याची कृती त्यात आहे, श्रद्धेचा निवाडा नाही. पहिल्यांदा येईल तिथे 'रेक्युझंट, म्हणजे सरकारी चर्चची हजेरी नाकारणारे' असे सांगावे, पुढे नुसते 'नकारी'.

आणखी एक अडचण. हा शब्द आज इंग्लंडमध्ये शिवी राहिलेला नाही. 'आमचे घराणे रेक्युझंट' हे तिथली जुनी कॅथलिक घराणी खानदानीपणाने सांगतात. १७९१च्या कायद्याने, निष्ठेची शपथ घेतलेल्या कॅथलिकांमागचा हा दंड संपला, १८२९ साली त्यांना संसदेत बसता आले. २०२३ साली राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाची व्यवस्था पाहिली ती नॉर्फोकच्या ड्यूकने, आणि तो कॅथलिक. राजाला स्वतःला मात्र आजही कॅथलिक होता येत नाही. २०१३च्या कायद्याने सूट मिळाली ती फक्त कॅथलिकाशी लग्न करण्याची. 'धर्मद्रोही घराणे' असे छापून आले तर त्या कुटुंबांना काय वाटेल, याचा विचार करा.

आता थोडे विषयांतर, पण आपल्या घरचे. थॉमस पाउंड नावाचा एक इंग्लिश सरदार कॅथलिक राहिला आणि त्यापायी त्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगांत गेली. त्याच्याबरोबर एक तरुण मित्र नोकराच्या वेशात वावरत असे. दोघे मिळून रोमला जाणार होते. पाउंड पकडला गेला, मित्र निसटला. १५७९च्या ऑक्टोबरात तो गोव्याला उतरला. हे आपले फादर स्टीफन्स, 'ख्रिस्तपुराण'कार. म्हणजे मराठीला 'हरळांमाजि रत्नकिळा' म्हणणारा माणूस आपल्याला मिळाला, त्यात इंग्लंडच्या या कायद्यांचा हात आहे. पण ते उतरले त्या गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक धर्मचौकशीचे न्यायालय, बसलेले होते, आणि मंगेश, शांतादुर्गा हे देव पोर्तुगीज हद्दीतून नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, नेलेले होते. नकारी तिथेही होते. फक्त बाजू पालटली होती.

तर तुमचे वाक्य मी असे करीन: 'सरकारी चर्चची हजेरी न लावणाऱ्या, म्हणजे रेक्युझंट ठरवलेल्या लोकांच्या यादीत १५९२ साली जॉन शेक्सपियरचे नाव आले, कारण मात्र कर्जाचे दिलेले होते.' शेवटचा तुकडा मुळात नसेल तर तळटीप द्या, पण वगळू नका.