लिराग्लुटाइडचे रोजचे इंजेक्शन मधुमेह आणि वजन या दोन्हींसाठी सुरू करावे का?

डॉक्टरांनी मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीच्या जोडीला लिराग्लुटाइडचे रोजचे इंजेक्शन सुचवले आहे. ते इन्सुलिनच आहे का, आठवड्यातून एकदा घ्यायची औषधे मिळत असताना रोज का टोचून घ्यायचे आणि वजन उतरल्यावर ते बंद करता येईल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. टाइप २ मधुमेहाचा रुग्ण म्हणून मी नाशिकमध्ये हे औषध घेतो, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

हे इन्सुलिन नव्हे. जेवल्यावर आपले आतडे जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडते. त्याने स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याचा निरोप जातो, जठर सावकाश रिकामे होते आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव होते. नैसर्गिक संप्रेरक रक्तात जेमतेम दोन-चार मिनिटे टिकते. लिराग्लुटाइड त्याचीच नक्कल करते, पण त्याच्या रेणूला मेदाम्लाची साखळी जोडलेली असल्यामुळे ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते आणि सुमारे १३ तासांनी त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, म्हणून ते रोज घ्यावे लागते. याच गटातल्या सेमाग्लुटाइडचे प्रमाण निम्मे व्हायला जवळपास आठवडा लागतो, म्हणून ते आठवड्यातून एकदा पुरते.

रोज टोचणे हा लोकांना दोष वाटतो. मला तो पूर्णपणे दोष वाटत नाही. औषध सोसले नाही, उलट्या थांबेनात, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते थांबवता येते आणि दोन-तीन दिवसांत त्याचा अंमल बहुतांशी ओसरतो. आठवड्याचे औषध एकदा आत गेले की त्याचा त्रास कित्येक दिवस काढावा लागू शकतो. मात्र निव्वळ वजनाच्या हिशेबात सेमाग्लुटाइडसारखी आठवड्याची औषधे सरस ठरली आहेत, हेही मान्य केले पाहिजे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ३ मिलिग्रॅम लिराग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ५६ आठवड्यांत सरासरी ८.४ किलोने उतरले, तर औषध नसलेले, नुसते दिखाऊ इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.८ किलोने. त्या चाचणीत मधुमेही नव्हते. मधुमेहींच्या वेगळ्या चाचणीत ही घट सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास होती. तेव्हा शेजारच्या मधुमेह नसलेल्या माणसाचे वजन किती उतरले, यावरून आपली अपेक्षा ठरवू नये. दुसरीकडे, २०१६ च्या लीडर चाचणीत ९,३४० मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १३ टक्क्यांनी कमी आढळले, आणि माझ्या लेखी या औषधाचे खरे मोल त्यात आहे.

सुरुवात ०.६ मिलिग्रॅमने होते आणि साधारण आठवड्याने मात्रा वाढते: मधुमेहासाठी १.२ आणि गरज पडल्यास १.८, वजनासाठी टप्प्याटप्प्याने ३ मिलिग्रॅमपर्यंत. ०.६ ही मात्रा पोटाला सवय लागावी म्हणून असते, साखर उतरवण्यासाठी नव्हे. त्यामुळे पहिल्या आठवड्यात ग्लुकोमीटर फारसा हलला नाही म्हणून स्वतःच्या मनाने मात्रा चढवू नये. सुईची भीती मात्र अनाठायी असते. औषधाच्या पेनला लावलेली चार मिलिमीटरची बारीक सुई पोटाच्या, मांडीच्या किंवा दंडाच्या कातडीखाली टोचायची, बटण शेवटपर्यंत दाबायचे, सावकाश सहापर्यंत अंक मोजायचे आणि मगच सुई बाहेर काढायची. घाईने काढली तर टोकावर थेंब राहतो आणि तेवढे औषध वाया जाते. जागा रोज थोडी बदलावी, सुई प्रत्येक वेळी नवी घ्यावी आणि पेनला लावून ठेवू नये.

खरी कसोटी ताटावर लागते. मळमळ, करपट ढेकर, बद्धकोष्ठ हे त्रास सुरुवातीच्या आठवड्यांत अनेकांना होतात आणि तेलकट खाल्ले की बळावतात. रविवारी सकाळी तर्रीदार मिसळ, वर पापड, दही आणि शेवटी जिलेबी हा नाशिककरांचा शिरस्ता या औषधाला मानवत नाही, कारण जठर रिकामे व्हायलाच वेळ लागतो. अर्धी मिसळ खाऊन हात धुतले, तर दुपार सुखाची जाते. पाणी मात्र कमी पडू देऊ नये, विशेषतः उलट्या-जुलाब होत असतील तर. आपल्या गोळ्यांत साखर उतरवणारे ग्लिमेपिराइड असेल किंवा आपण इन्सुलिन घेत असाल, तर त्यांची मात्रा कमी करावी का, हे आधीच विचारून घ्या. सप्तशृंगगडावर जाणारे आमच्याकडचे कितीतरी लोक नवरात्रात नऊ दिवस उपवास करतात. भूक मेलेली आणि गोळी मात्र पूर्वीचीच, अशा स्थितीत साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

न उघडलेले पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे, बर्फाच्या कप्प्याजवळ नव्हे. गोठलेले पेन टाकून द्यावे. वापरायला काढलेले पेन साधारणपणे ३० अंशांखाली महिनाभर चालते, पण इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, म्हणून उन्हाळ्यात तेही फ्रिजमध्येच ठेवणे बरे. गाडीच्या डिक्कीत तर ते मुळीच ठेवू नये.

स्वतःला किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा दुर्मिळ प्रकारचा कर्करोग झालेला असेल, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे. औषध चालू असताना पोटात असह्य दुखून पाठीकडे कळ जाऊ लागली, तर औषध थांबवून लगेच तपासून घ्यावे.

बंद करण्याबाबत सांगायचे तर, औषध सुटले की भूक परत येते आणि बहुतेकांचे उतरलेले वजन हळूहळू पुन्हा चढते. म्हणून खर्चाचा हिशेब महिन्याचा न करता वर्षांचा करावा. जानेवारी २०२४ मध्ये ग्लेनमार्कने लिराफिट नावाने भारतीय पर्याय आणला, तेव्हा १.२ मिलिग्रॅमचा रोजचा खर्च सुमारे १०० रुपये सांगितला होता. मात्रा वाढली की पेन लवकर संपते आणि खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. १८ मिलिग्रॅमचे पेन १.८ च्या मात्रेने दहा दिवस चालते, ३ च्या मात्रेने सहाच दिवस. आपल्याला कोणत्या मात्रेपर्यंत न्यायचे आहे, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा आणि मग औषधाच्या दुकानात आजचा भाव विचारून ठरवा.