पणजोबांची कबर शोधायची कुठे?

प्रश्न : नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आईवडील मुंबईहून इस्राएलला आले, मी अश्दोदला असते. आमच्या आडनावातच अलिबाग तालुक्यातल्या एका गावाचं नाव आहे, म्हणून पणजोबांची कबर तिथेच असणार असं धरून माझा भाचा मागच्या वर्षी जाऊन आला, पण गावात कोणालाच काही सांगता येईना. पणजोबा तेलाचा घाणा चालवायचे आणि साधारण 1900 च्या आसपास वारले, एवढंच आजीकडून ऐकलंय. कबर शोधायची कशी, आणि सापडलीच तर नोंद कशी ठेवायची? फेब्रुवारीत मी स्वतः येतेय.

उत्तर : बहुतेकांची वाट आडनावापाशीच चुकते. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावं गावांवरून पडली खरी, पण घराणं कधीतरी तिथलं होतं एवढाच त्याचा अर्थ, कोण कुठे पुरलंय ते त्यातून कळत नाही. घाणा जिथे चालेल तिथे बिऱ्हाड हलायचं, आणि 18व्या शतकापासून पलटणीत नि सरकारी नोकरीत शिरून कितीतरी घरं मुंबईलाच गेली, तिथलं माणूस वरळीच्या ई. मोझेस रोडवरच्या कब्रस्तानातही निघू शकतं. म्हणून आधी कबर नको, आधी पणजोबा वारले कुठे ते बघा.

घरात आजीआजोबांचा केतुबा (ज्यू लग्नाचा करारनामा) असेल तर तो काढा, त्यात वडलांचं नाव असतं आणि लग्न कुठल्या गावी लागलं तेही. मग तहसील कचेरीत गाव नमुना 14 मागा, कोतवाल बुक म्हटलं की लगेच कळतं, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यातच असतात. सध्या कुणबी दाखल्यांसाठी लोक हेच चाळत बसलेत त्यामुळे तुमच्याकडे कोणी विचित्र नजरेने बघणार नाही. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा सोबत न्या. आणि कागदावर रायगड शोधू नका, 1981 पर्यंत जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, मुरुड-म्हसळा-श्रीवर्धनचा भाग तर 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात, त्यांचं दप्तर वेगळं.

गाव कळलं की जागा. तरुण पोरांना विचारून उपयोग नाही, म्हाताऱ्यांना विचारा, आणि 'ज्यू' म्हणू नका, 'इस्राएल' म्हणा, अगदीच जुनं माणूस असेल तर 'शनवार तेली' (शनिवारी घाणा बंद म्हणून हे नाव पडलेलं). सिनेगॉगलाही (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) कोकणात लोक मशीदच म्हणायचे, तेव्हा 'इस्राएलांची मशीद' ऐकून गोंधळू नका. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग, तसंच रेवदंडा आणि पेणची सिनेगॉग, इथल्या मंडळींना आजूबाजूच्या गावांतल्या कबरींची माहिती असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्याच्या जोडीला महाभूनकाशावर गावाचा नकाशा उघडा, गट नंबर घ्या, सातबाऱ्यावर इतर हक्कात कब्रस्तान लिहिलंय का बघा. जमीन खाजगी नावावर असेल तर मालकाला विचारूनच आत जा, आणि जाताना सरपंचांच्या कानावर घाला, कारण जुनी कब्रस्तानं म्हटली की लोकांना आधी अतिक्रमणाचं भांडण आठवतं.

सगळे जातात नवगावला, जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून बेने इस्राएल झाले ही कथा, बुडालेल्यांच्या त्या दोन दफनांच्या जागा, स्मारकाचा खांब. जरूर जा, पण 1900 सालच्या पणजोबांचा पत्ता तिथे लागणार नाही.

फेब्रुवारी चांगला निवडलात, गवत वाळलेलं असतं, पावसाळ्यात काही दिसत नाही आणि साप वेगळे. मात्र करवंदीच्या जाळीत हात घालण्याआधी काठी आपटा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरपं पडलं की झिजलेली अक्षरंसुद्धा उठून दिसतात, दुपारी हवं तर आरशाने बाजूने उजेड टाका. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. खडू, पीठ, ॲसिड, तारेचा ब्रश यातलं काहीही लावू नका, कितीही मोह झाला तरी. आणि कृपा करून फक्त आपल्याच दगडाचा फोटो काढून परत येऊ नका!! प्रत्येक दगडाचा एक सबंध आणि एक अक्षरांचा जवळून फोटो, ओळ आणि नंबर, मोबाईलवर लोकेशन, वहीत हाताने काढलेला नकाशा. नुसते धोंडे रचलेल्या, काहीच न कोरलेल्या कबरीही नकाशात घ्या, जुन्यातल्या जुन्या त्याच असू शकतात. मजकूर आहे तसा उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका.

प्रश्न : (याच विषयावर, ठाण्याहून) दगडावर खाली मराठी आहे पण ते झिजलंय, वर हिब्रू आहे ते वाचता येत नाही. साल तरी कसं काढायचं?

उत्तर : हिब्रूत अक्षरांनाच किंमत असते, त्यांची बेरीज करायची. सुरुवातीला पे-नून ही दोन अक्षरं असतील तर ती 'येथे दफन आहे' याची, सालात धरू नका. सालाची अक्षरं समजा ताव, रेश, सामेख निघाली तर 400, 200, 60 मिळून 660. हजाराचा आकडा बहुधा कोरत नाहीत, तो 5000 आपण धरायचा, झालं 5660, त्यातून 3760 वजा केले की 1900. पण दगडावरचा हिब्रू महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर 3761 वजा करा, कारण ज्यूंचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणजे ते 1899 झालं. खालच्या मराठीत शके एवढं जरी लागलं तरी ताळा करता येतो, शकात 78 मिळवा, जानेवारी ते मार्चमधला मृत्यू असेल तर 79. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा आणि फोटो हिब्रू येणाऱ्या माणसाला दाखवा, झिजलेल्या दगडावर रेश आणि दालेत सारखेच दिसतात आणि एक 200 तर दुसरं 4.