बल्बचा रोध: सूत्र खरे की मीटर?

प्रश्न: २३० व्होल्ट, १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध गणिताने ५२९ ओहम येतो, मल्टिमीटर मात्र जेमतेम ४० ओहम दाखवतो. चूक कुठे आहे?

उत्तर: चूक कुठेच नाही. शक्तीला (१०० वॅट) विभवांतराने (२३० व्होल्ट) भागल्यास विद्युतधारा ०.४३ अँपिअर मिळते आणि विभवांतराला या धारेने भागल्यास आपला ५२९ ओहम हा रोध मिळतो. परंतु तो पेटलेल्या बल्बचा, म्हणजे सुमारे २,५०० अंश सेल्सिअसला तापलेल्या टंगस्टनच्या तारेचा असतो, तर मीटर थंड तार मोजतो. धातूचा रोध तापमानाबरोबर वाढतो. म्हणूनच बटण दाबताच क्षणभर जवळजवळ पावणेसहा अँपिअर धारा वाहू शकते आणि झिजलेला बल्ब बहुधा नेमका तेव्हाच उडतो.