सोयाबीनच्या फोमचे साडेनऊ हजार डॉलर

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घर १९७०च्या दशकातलं, अॅटिक (छताखालचा माळा) हजार चौरस फुटांचं. तिथल्या इन्सुलेशनसाठी, म्हणजे घरातली उष्णता आत-बाहेर जाऊ नये म्हणून, एका कॉन्ट्रॅक्टरने सोयाबीनपासून केलेला 'पर्यावरणपूरक' क्लोज्ड-सेल (बंद बुडबुड्यांचा) स्प्रे फोम सुचवलाय. खर्च ९,५०० डॉलर; सात वर्षांचं कर्जही देतो, १० टक्क्यांनी. बिल अर्ध्यावर येईल आणि ३० टक्के टॅक्स क्रेडिट मिळेल, असं तो म्हणतो. दुसऱ्याचं कोटेशन सेल्युलोजचं (कागदी इन्सुलेशन), फटी बुजवण्यासकट ३,२०० डॉलर. हीटिंग-कूलिंगला आम्हाला वर्षाला २,६०० डॉलर लागतात. निसर्गासाठी थोडे जास्त गेले तरी चालतील. सासूबाई मे महिन्यात पुण्याहून येतील, त्यांना दमा आहे.

उत्तर: सेल्युलोज घ्या. आणि कर्ज तर नकोच.

'निसर्गासाठी थोडे जास्त' म्हणजे तुमच्या बाबतीत ६,३०० डॉलर. त्यातून निसर्गाला काय मिळतं ते आधी बघू. स्प्रे फोम दोन पिंपांतून येतो आणि नळीच्या टोकाशी साधारण निम्मा-निम्मा मिसळतो. एका पिंपातलं आयसोसायनेट हे रसायन खनिज तेलापासूनच येतं. सोयाबीन असतं ते दुसऱ्या पिंपात, आणि तिथेही पॉलिऑल या घटकाच्या काही भागापुरतंच. बाकी अग्निरोधक, उत्प्रेरक आणि फोम फुगवणारा वायू. अमेरिकी कृषी खात्याच्या 'बायोप्रिफर्ड' योजनेत अशा फोमसाठी वनस्पतिजन्य अंशाची किमान अट आहे फक्त ७ टक्के. फोडणीत चिमूटभर हळद पडली म्हणून भाजी हळदीची होत नाही.

खरा मुद्दा सोयाबीनचा नाहीच, फुगवणाऱ्या वायूचा आहे. क्लोज्ड-सेल फोममध्ये वर्षानुवर्षं वापरलेला एचएफसी-२४५एफए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजारपट तापमानवाढ करतो. नवे एचएफओ वायू त्या मानाने जवळजवळ निरुपद्रवी. जानेवारी २०२५ पासून ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) नियमांनी फोममधल्या अशा जुन्या वायूंवर निर्बंध आणले. तरी मालाचं डेटाशीट मागून वायूचं नाव वाचा. विक्रेता सोयाबीनवर भरभरून बोलेल, वायूचं नाव मात्र तुम्हालाच विचारावं लागेल.

सेल्युलोज म्हणजे मुख्यतः रद्दी वर्तमानपत्रं, आग लागू नये म्हणून बोरेट लावलेली. एका इंचाला आर-मूल्य (उष्णता अडवण्याची क्षमता) साडेतीनच्या आसपास, तर क्लोज्ड-सेल फोमचं सहा-सात. जागा कमी असेल तिथे हा फरक मोलाचा. तुमच्या अॅटिकमध्ये उंचीची टंचाई नाही. सतरा इंचांचा थर दिला की आर-६०च्या जवळ पोचाल, आणि तुमच्याकडच्या हवामानात इन्सुलेशन नसलेल्या अॅटिकला एनर्जी स्टार ही सरकारी ऊर्जाबचत योजनाही तेवढंच सांगते.

आता आकडे. फटी बुजवून नीट इन्सुलेशन केलं तर हीटिंग-कूलिंगमध्ये सरासरी १५ टक्के बचत होते, असा ईपीएचा अंदाज आहे. तुमच्या हिशेबात वर्षाला ३९० डॉलर. ३,२०० डॉलर आठ वर्षांत वसूल. फोमने २० टक्के वाचतील असं उदारपणे धरलं तरी ५२० डॉलर, म्हणजे अठरा वर्षं. कर्ज काढलंत तर पहिल्याच वर्षाचं व्याज ९०० डॉलरच्या घरात जातं, बचतीपेक्षा जास्त! सात वर्षांत एकूण १३,२५० डॉलर भराल. 'बिल अर्ध्यावर' हे त्याने लेखी द्यावं, देणार नाही. टॅक्स क्रेडिट तर ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या कामाला मिळतच नाही. होतं तेव्हाही इन्सुलेशनला १,२०० डॉलरची मर्यादा होती आणि मजुरी त्यात धरत नसत.

माझं मत एकाच परिस्थितीत बदलेल: एसीचं युनिट आणि डक्ट अॅटिकमध्ये असतील तर. मग छताच्या उतारालाच फोम मारून अख्खं अॅटिक घराच्या उबेत घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. तसं असेल तर आधी ब्लोअर-डोअर चाचणीसह (दारात पंखा लावून हवेची गळती मोजण्यासह) एनर्जी ऑडिट, म्हणजे घराच्या ऊर्जावापराची तपासणी, करून घ्या, गॅस-वीज कंपनीच्या सवलतीही विचारा. आणि काम सासूबाई येण्याच्या बरंच आधी उरका. फवारणीच्या वेळचं आयसोसायनेट दम्याला फार वाईट. त्या काळात घरात कुणीच राहायचं नसतं.

उरलेल्या ६,३०० डॉलरमधून आधी सहा महिन्यांच्या खर्चाचा आपत्कालीन निधी पुरा करा. फर्नेस जुना असेल तर पुढचा मोठा खर्च तोच.

फोमच्या करारावर सही करून बसला असाल, तर न्यू जर्सीत घरदुरुस्तीचा करार प्रत हाती आल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. पत्र रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.