पणजीच्या गार्डनात बघायचं काय?

प्रश्न: ताई नमस्कार, रविवारी सासू-सासरे आणि दोन पोरांना घेऊन पणजीला यायचा बेत आहे. चर्चसमोरच्या त्या जुन्या गार्डनात बघण्यासारखं काय आहे, की पोरं दहा मिनिटांत कंटाळतील? आणि मधल्या खांबावरचे सिंह पोर्तुगीजांच्या काळातलेच का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: कंटाळतील हो, खरंच सांगते. झोपाळे-घसरगुंडी हवी असेल तर पोरांना सरळ कांपालला न्या, तिथे बालभवनाकडे मुलांचं पार्क आहे आणि पुढे मिरामारची वाळू आहेच. हे गार्डन बसायचं आहे, सासू-सासरे खूश होतील.

सिंहांचं म्हणाल तर नाही, ते आपले अशोकस्तंभाचे. खांब मात्र पोर्तुगीजांचा, वास्को द गामा भारतात आला त्याला 1898 मध्ये 400 वर्षं झाली म्हणून उभारलेला, वर त्याचाच पुतळा होता, तो गोवा मुक्तीनंतर काढला आणि सिंह बसवले. म्हणजे खाली एक राज्य, वर दुसरं, पोरांना हे नक्की दाखवा.

बागेला नाव गार्सिया द ऑर्ताचं. हा पोर्तुगीज डॉक्टर 1534 मध्ये गोव्यात आला, इथली औषधी झाडं, आंबा, नारळ, हिंग, वेलची सगळ्यावर पुस्तक लिहिलं, 1563 मध्ये गोव्यातच छापलं आणि तेही सगळं प्रश्नोत्तरांत, म्हणजे आमच्या सदराचा पणजोबाच म्हणा ना! पण मूळचा ज्यू घराण्यातला, म्हणून मेल्यावर 1580 मध्ये इन्क्विझिशनवाल्यांनी, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. आणि पुढे त्याच पोर्तुगीजांनी बागेला त्याचं नाव दिलं, आता बोला.

गाडी आणणार असाल तर पे पार्किंग आहे, जागा मिळणं नशिबाचा भाग, त्यापेक्षा कदंबा बसने या आणि चालत जा. दुपारी नको, उन्हात पोरं किरकिर करतात, चारनंतर या. आधी जवळच्या एखाद्या हॉटेलात पातळ भाजी-पाव खा, मिरची भजी संपायच्या आत, मग बाकावर बसा. समोरच्या चर्चच्या पायऱ्या सासूबाईंना चढायला लावू नका, त्या पायऱ्या बाकावरूनच छान दिसतात. फक्त 8 डिसेंबरच्या चर्चच्या फेस्ताच्या, म्हणजे जत्रेच्या, आसपास आलात तर बसायचं विसरा, पण मग खाजें, म्हणजे जत्रेतला गोड खाऊ, तरी मिळेल, पोरं तेवढ्यावर गप्प बसतात.